शेताशेजारी वसाहत उठते तेव्हा पावसाचे पाणी कोठे जाते?

बेळगाव शहराभोवतीची शेते झपाट्याने प्लॉटांत बदलत आहेत. निपाणी भागातही महामार्गाच्या दोन्ही अंगांना हेच दिसते. विकणारा विकून मोकळा होतो, घेणारा घर बांधतो. पण मध्ये राहिलेल्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पूर्वी कधी न आलेले पाणी येऊ लागते. असे का होते, आणि त्याबाबत कायदा काय म्हणतो, हे या वेळी पाहू.

प्रथम हिशेब. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे १०,००० लिटर पाणी पडले. दहा एकरांवर तेच ४० लाख लिटर होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चारशे टँकर. नांगरलेल्या, बांध घातलेल्या शेतात यातले बरेच पाणी मुरते आणि बांधाआड थांबते. समजा एक तृतीयांश वाहून गेले, तर ते एकशे तीस-पस्तीस टँकर होतील, आणि तेही हळूहळू जातील. त्याच दहा एकरांवर रस्ते, सिमेंटची अंगणे आणि स्लॅबची घरे झाली की तीन चतुर्थांश पाणी वाहते. म्हणजे तीनशे टँकर. शिवाय ते चार-सहा तासांनी येत नाही, पाऊस पडत असतानाच येते. खालचा ओढा मात्र पूर्वीच्याच मापाचा असतो. किंबहुना दोन्ही बाजूंनी भराव पडून तो अरुंद झालेला असतो.

बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव या शिवारांत बासमती भाताची जी नामांकित जमीन आहे, तिच्यातून हा नाला जातो. त्यात शहराचे सांडपाणी येते, गाळ आणि जलपर्णी साचते, आणि जोराचा पाऊस झाला की नाला पात्र सोडून भातात शिरतो. भात हे पाण्याचे पीक खरे, पण रोपे बुडून काही दिवस गेली की कुजतात, आणि घाण पाण्याचा गाळ बसलेल्या शेतात पुढे मसूर-वाटाणाही नीट येत नाही.

आता कायद्याकडे वळू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात एक जुने, शहाणपणाचे तत्त्व आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकरीत्या खाली वाहत येत असेल तर खालच्या मालकाने ते येऊ द्यावे. आपण बांध उंच करून शेजाऱ्याचे पाणी अडवतो, ते या तत्त्वात बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पण शब्द ‘नैसर्गिकरीत्या’ असा आहे. वसाहतवाल्याने सर्व पाणी गटारीत गोळा करून, पाइप टाकून तुमच्या बांधावर एका जागी सोडले, तर ते नैसर्गिक वाहणे नव्हे, असे तुम्हाला ठामपणे मांडता येते. तुमच्या शेताचे पाणी वीस वर्षे उघडपणे, हक्काने, खंड न पडता शेजारच्या चरातून जात आले असेल, तर तो निचऱ्याचा हक्कही याच कायद्याने मागता येतो.

दुसरी गोष्ट ओढ्यांची. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या ६७ व्या कलमाप्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि तलाव यांची जागा, जेथे ती दुसऱ्या कोणाची मालकी ठरत नाही तेथे, सरकारची असते. आपल्या उताऱ्यावर ‘खराब’ असा रकाना असतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीस निरुपयोगी जागा. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, पाऊलवाट, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा. ‘ब’ खराबातील जागेवर प्लॉट पाडता येत नाही. म्हणून शेजारी वसाहत होणार असे कानावर येताच त्या सर्व्हे नंबरचा उतारा काढावा, गावचा नकाशा आणि मोजणीचे टिपण पाहावे. नकाशात नाल्याची रेघ आहे आणि जागेवर मुरूम टाकून सपाट केले आहे, असे आढळले तर तुमच्या हातात भक्कम पुरावा आला. येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हे ओढे बिल्डरच्या आधी शेतकऱ्यानेच दरवर्षी एक-एक तास आत सरकून खाल्लेले असतात. अशा ठिकाणी तक्रारीचा आवाज साहजिकच खाली येतो.

तिसरी गोष्ट परवानगीची. शेतजमीन बिनशेती करायची तर त्याच महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्जाची पद्धत अलीकडे बरीच सोपी झाली असली तरी हे प्रकरण तेवढ्यावर संपत नाही. जमिनीचे प्लॉट पाडून खासगी रस्ते काढायचे तर १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नियोजन प्राधिकरणाकडून ले-आउट मंजूर करून घ्यावा लागतो. बेळगाव शहर परिसरासाठी हे काम ‘बुडा’ म्हणजे नगरविकास प्राधिकरण पाहते. रस्ते, गटारी यांची कामे होतील तसे प्लॉट टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची पद्धत आहे. तेव्हा ‘एन. ए. झाले’ एवढे ऐकून आपण गप्प बसू नये. एन. ए. म्हणजे ले-आउट नव्हे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणीही लागते, आणि तेथे मंजूर नकाशा कोणालाही पाहता येतो. २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते.

मंजूर नकाशा हाती आल्यावर एकच प्रश्न विचारावा: गटारीचे शेवटचे टोक कोठे जाते? पुष्कळ नकाशांत गटार वसाहतीच्या हद्दीपर्यंत छान काढलेली असते आणि हद्दीवर संपते. त्यापुढे तुमचे शेत. हरकत घ्यायची ती याच जागेवर. बांधकाम उभे राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा हरकतीचा अर्ज आधी द्यावा. त्यात सर्व्हे नंबर, उताऱ्याची व नकाशाची प्रत, पाण्याची दिशा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, पाऊस चालू असताना काढलेले फोटो जोडावेत. अर्ज तहसीलदार, नियोजन प्राधिकरण आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका अशा सर्वांना देऊन प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा खालच्या अंगाच्या दहा खातेदारांनी मिळून दिलेला अर्ज लवकर वाचला जातो, असा सर्वत्र अनुभव आहे.

आपल्यापैकी ज्यांना मुलीचे लग्न, दवाखाना वा कर्ज यासाठी जमीन विकावी लागते, त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु विकताना खरेदीपत्रात चरासाठी आणि वाटेसाठी जागा राखून ठेवल्याचे लिहून घेता येते. भावाचे शेत खाली असेल तर एवढे तरी करावेच.

निपाणीकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथे ओढ्याबरोबर नदीचाही विचार करावा लागतो. वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्याकडे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ तिचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. पलीकडे महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा पूररेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या बाजूला प्लॉट घेताना रेषेची वाट न पाहता २०१९ चे पाणी कोठवर आले होते, हे जुन्या माणसांना विचारून घ्यावे. भिंतीवरची खूण कोणत्याही दलालापेक्षा खरे सांगते.

शेवटी आरोग्याचे. तुंबलेल्या गटारीच्या पाण्यातून अनवाणी चालू नये. पायाला जखम असेल तर मुळीच नाही, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून होतो. बांधकामावर उघड्या राहिलेल्या टाक्यांत आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय ते पिऊ नये. चांगल्या पावडरीचे साधारण प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर लागेल. पाणी गढूळ असेल तर जास्त. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे, आणि ती बादली दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवावी. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकू नये. हे काम रात्री केले तर पाणी सकाळी भरता येते. निदान एक तास तरी थांबावेच लागते.