गाडीच्या काचांना फिल्म: यवतमाळच्या उन्हात काय लावावं, किती खर्चावं

मार्च सरत आला की यवतमाळ, पुसद, वणीतल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत फिल्मची चौकशी सुरू होते. त्यात नवल नाही. एप्रिलमध्येच पारा ४२ अंशांपुढे जातो, मे महिन्यात ४४-४५ ला टेकतो आणि नवतप्यात तर दुपारी उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. लेकरांना मागच्या सीटवर बसवताना आधी सीटवर पाणी मारलेला टॉवेल टाकावा लागतो. अशा जिल्ह्यात काचेवर काहीतरी लावून ऊन अडवावंसं वाटणं ही चैन नव्हे.

पण फिल्मसाठी दुकानात सांगितला जाणारा भाव दोन-तीन हजारांपासून वीस हजारांच्या वर जातो, आणि घेणाऱ्याला बहुतेक वेळा दोन गोष्टी कुणी नीट सांगत नाही. काचेवर काय लावायला परवानगी आहे, ही पहिली. काचेचा काळेपणा आणि गाडीतला गारवा यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका नाही, ही दुसरी.

आधी कायदा, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. दुकानदार याच आकड्याला व्हीएलटी म्हणतात. बरीच वर्षं लोक या नियमाचा अर्थ ‘७०-५० ची फिल्म चालते’ असा लावत होते. कोलकात्याच्या अभिषेक गोयनका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि तो अर्थ संपला. प्रकाशाची ही टक्केवारी कंपनीतून काच बनून येतानाच असली पाहिजे. नंतर वरून कोणत्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा अन्य कोणतंही साहित्य काचेवर लावता येणार नाही, असा तो निकाल. ४ मे २०१२ पासून तो देशभर लागू झाला. फिल्म बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनी सवलत मागितली, तीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाकारली गेली. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरता अपवाद ठेवला गेला. गाडीवर पक्षाचा झेंडा, ‘प्रेस’ची पाटी किंवा जिल्हा परिषदेचं पद यांपैकी कशालाही त्यात जागा नाही.

या निकालामागे कारण होतं. काळ्या काचांआड होणारे गुन्हे, विशेषतः स्त्रियांवरचे अत्याचार, आणि अपघात हे दोन्ही मुद्दे न्यायालयापुढे होते. ‘उन्हासाठीच लावतो ना आपण’ म्हणताना ही बाजू विसरू नये.

त्यानंतर एक बदल झाला, आणि दुकानदार हल्ली त्याचाच दाखला देतात. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० ची शब्दरचना बदलली. आता त्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या, भारतीय मानक आयएस २५५३ प्रमाणे तयार झालेल्या काचेलाही स्थान आहे. या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की मानकात बसणारी आणि ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. मात्र हा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा आहे. महाराष्ट्रातला वाहतूक पोलीस त्याने बांधला जात नाही, आणि २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याच्या हातात आहेच. म्हणून ‘आता सगळं चालतं, केरळ कोर्टाने सांगितलं’ हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशातच राहू द्यावं.

पकडलं गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान वाटते, पण फिल्म जागेवरच फाडायला लावतात, म्हणजे तिचे पैसेही गेले. एमएच-२९ ची गाडी काळ्या काचा घेऊन नागपूरला किंवा पांढरकवड्यावरून आदिलाबाद-हैदराबादकडे निघाली, तर वाटेतल्या दर शहरात नवीन चलान लागू शकतं. फाडल्यावर उरलेला गोंद काढायला ५०० ते १५०० रुपये वेगळे.

गुणाकार, जो दुकानात कुणी करत नाही

समजा दुकानदार म्हणाला, ‘ही ५० टक्केवाली आहे, बाजूच्या काचेला नियमात बसते.’ हे खरं नाही. कंपनीतून येणारी बाजूची काच मुळातच थोडी हिरवट असते आणि साधारण ७५ ते ८० टक्के प्रकाश सोडते. त्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली की ७८ चे निम्मे, म्हणजे ३९ टक्केच उरतात. पोलिसाचं मीटर काच आणि फिल्म मिळून जे आहे ते मोजतं, फिल्मच्या डब्यावरचा आकडा मोजत नाही. ७० टक्क्यांची फिल्म लावली तर ७८ चे ७० टक्के, म्हणजे सुमारे ५५. बाजूच्या काचेपुरतं हे बसतं. समोरच्या काचेचं पाहा: तीच ७० ची फिल्म लावली तरी एकूण आकडा ५५ च्या आसपास येतो आणि तिथे ७० लागतात. त्यामुळे समोरच्या काचेला रंगाची छटा असलेली कोणतीही फिल्म आकड्यातच नापास होते.

केरळचा अर्थ उद्या इथेही मान्य झाला, तरी हा गुणाकार बदलणार नाही. म्हणून ५०, ३५, २० अशा फिल्म कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते दंडापेक्षा मोठं वाटतं. आपल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर काय काय असतं ते आठवा. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दारव्हा, घाटंजी, राळेगावच्या बाजूला रस्ता ओलांडणारी रोही आणि रानडुकरं. वळणावर, किंवा रिव्हर्स घेताना, बाजूच्या काचेतून जे दिसायला हवं ते ३९ टक्क्यांच्या काचेतून संध्याकाळी सातनंतर दिसत नाही. दुपारच्या दोन तासांच्या आरामासाठी रात्रीची नजर गहाण टाकू नये.

काळी म्हणजे गार नव्हे

सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही; तो अवरक्त किरणांचा असतो. स्वस्त काळी फिल्म रंग दिलेल्या प्लास्टिकची असते. ती दिसणारा उजेड अडवते, डोळ्यांना बरं वाटतं, पण अवरक्त किरणांचा बराच भाग आत येतो आणि फिल्म स्वतः तापून काचही तापवते. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा रंग जांभळट होतो, फुगे धरतात. उलट सिरॅमिक प्रकारची जवळपास पारदर्शक फिल्म उजेड आत येऊ देते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात रोखते. या दोहोंच्या मध्ये धातूचा थर असलेल्या फिल्म येतात. त्या उष्णता बऱ्यापैकी अडवतात, पण मोबाइल आणि जीपीएसच्या सिग्नलला त्रास देऊ शकतात. समोरच्या काचेवर धातूची फिल्म असेल तर फास्टॅग वाचला जात नाही आणि टोलनाक्यावर अडकून पडावं लागतं.

दुकानात एक प्रयोग हमखास दाखवतात: एका पेटीत उष्णतेचा दिवा, समोर फिल्म लावलेली काच, आणि ‘हात लावून बघा, ९७ टक्के हीट कट.’ दिवा खोटा नाही, पण तो ९७ चा आकडा बहुधा अवरक्त किरणांच्या एका ठरावीक पट्ट्यापुरता असतो. एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते हे सांगणारा आकडा वेगळा. त्याला टीएसईआर म्हणतात आणि पारदर्शक चांगल्या फिल्ममध्ये तो साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. विचारायचं ते हेच: ‘टीएसईआर किती, आणि कंपनीच्या छापील कागदावर दाखवा.’ जो दाखवू शकत नाही त्याच्याकडून महागडी फिल्म घेऊ नये.

अतिनील किरणांबद्दलही थोडं. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक असलेली असते. ती अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. बाजूच्या काचा एकेरी, कडक केलेल्या असतात आणि त्यातून त्वचेला त्रास देणारे यूव्हीए किरण आत येतात. रोज लांब गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला म्हणूनच चटका बसतो. नागपूरहून दुपारी यवतमाळकडे परतताना गाडीचं तोंड नैऋत्येला असतं आणि ऊन समोरून-उजवीकडून येतं. साध्या सुती बाह्या किंवा दुपट्टा हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

भाव काय पडतो

हे अंदाज छोट्या हॅचबॅक गाडीचे. एसयूव्हीला तीस ते पन्नास टक्के वाढवा. बिननावाची रंगीत फिल्म पूर्ण गाडीला २ ते ४ हजार. नामांकित कंपनीची मधल्या दर्जाची ५ ते १० हजार. सिरॅमिक किंवा बहुथरी पारदर्शक फिल्म १२ ते २० हजार, कधी त्याहून जास्त. आपल्या राज्यातलं नाव म्हणजे गरवारे. त्यांचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला आहे आणि तिथली सन कंट्रोल फिल्म परदेशातही जाते. नाव मोठं असलं तरी खोक्यावरचं नाव आणि काचेवर लागलेली फिल्म एकच आहे का, हे पाहणं आपलं काम. चांगल्या फिल्मच्या संरक्षक कागदावर किंवा कोपऱ्यात कंपनीची खूण असते. लावण्याआधी रोल उघडताना समोर उभं राहून ती पाहा.

‘नागपूरला स्वस्त पडते’ हे खरं असू शकतं. जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर, गाडी १५ चा ॲव्हरेज देत असेल तर २० लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरले तर २१०० रुपये. अमरावतीचा फेरा सुमारे १८० किलोमीटरचा, म्हणजे १२६० रुपये. भावातला फरक याहून मोठा नसेल तर इथेच करा. वॉरंटीचं काम निघालं तर पुन्हा तोच फेरा पडतो.

फिल्म लावण्याची जागा बंद आणि सावलीतली असावी. रस्त्याच्या कडेला, उडत्या धुळीत लावलेल्या फिल्मखाली कण राहतात आणि ते नंतर निघत नाहीत. मागच्या काचेला डिफॉगरच्या बारीक तारा असतील तर तिथली जुनी फिल्म ओरबाडून काढताना तारा तुटतात. वाफ देऊनच काढायला सांगा. लावल्यावर तीन-चार दिवस काचा खाली करू नका.

मग मी काय करायला सांगेन

सध्याच्या स्थितीत महाराष्ट्रात माझा सल्ला स्पष्ट आहे: आधी फिल्मवर पैसे घालू नका. उभ्या गाडीत सगळ्यात जास्त ऊन शिरतं ते समोरच्या मोठ्या काचेतून, आणि तिथे फिल्म लावताच येत नाही. तिथे घडीचा चंदेरी सनशेड हवा. तो २०० ते ५०० रुपयांना मिळतो आणि गाडी सुरू करताना काढून ठेवायचा असतो. बाजूच्या जाळ्या ३०० ते ६०० रुपयांत येतात, पण त्याही उभ्या गाडीपुरत्याच. ‘अन्य कोणतंही साहित्य’ या शब्दांत त्याही येतात, म्हणून निघण्याआधी काढा. त्यानंतर एसी. गॅस आणि तपासणीचे दीड ते तीन हजार, केबिन फिल्टरचे ३०० ते ७०० रुपये. धुळीने गच्च भरलेला फिल्टर बदलल्यावर जो फरक पडतो तो अनेकदा महाग फिल्मही देत नाही. ही सगळी बेरीज पाच हजारांच्या आत बसते, आणि यातल्या कशासाठीही पोलीस थांबवणार नाहीत, फक्त जाळ्या काढायला विसरू नका.

गाडी तापलेली असेल तर दोन्ही बाजूंची दारं मिनिटभर उघडी ठेवा, काचा खाली करून थोडं अंतर गाडी चालवा, मग एसी लावा.

नवी गाडी घेणार असाल तर फिल्मचे पैसे तिकडे वळवा. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये यूव्ही-कट किंवा उष्णता कमी करणाऱ्या काचा कंपनीतूनच येतात. त्या नियमात बसतात आणि कधी सोलून निघत नाहीत. शोरूममध्ये रंग आणि सनरूफबद्दल विचारतो तसं काचांबद्दलही विचारा.

त्वचेच्या आजारामुळे किंवा रोजच्या लांब प्रवासामुळे एवढ्यावर भागत नसेल आणि कायद्याची जोखीम समजून घेऊनही फिल्म लावायचीच असेल, तर फक्त बाजूच्या काचांना, ७० टक्के किंवा त्याहून पारदर्शक आणि धातू नसलेली लावा. समोरची आणि मागची काच मोकळी ठेवा. चारच काचांचं काम असल्याने खर्चही पूर्ण गाडीच्या निम्म्यापर्यंत येतो. पक्कं बिल घ्या. त्यावर फिल्मचं नाव, व्हीएलटी, जीएसटी आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या, मानकाचं प्रमाणपत्र मागा आणि दोन्हींची प्रत गाडीत ठेवा. या कागदांनी दंड टळेलच असं नाही, पण मीटर लावा म्हणायला तुमच्याकडे आधार राहतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही फिल्मने बदलत नाही. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका अभ्यासात बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काचा बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. बाहेर आपल्यासारखं ऊन नसताना ही गत. ‘फिल्म आहे, दोन मिनिटांत येतो’ म्हणून लेकराला किंवा आजीला गाडीत बसवून दुकानात शिरू नका.

जुनी गाडी घेताना काचा आधी बघा. पुण्या-नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांवर काळी फिल्म असते आणि विकणारा ती जमेची बाजू म्हणून सांगतो. ती काढण्याचा खर्च आणि डिफॉगर तुटलेला असेल तर त्याची किंमत सौद्यातून वजा करा, आणि गाडीच्या नंबरवर काचांची जुनी ई-चलानं थकली आहेत का ते पैसे देण्याआधी तपासून घ्या.