राहुलाला दाखविलेला आरसा



दीक्षा घेतल्यानंतर काही महिन्यांनी पुष्कळ घरांत एक प्रश्न कुजबुजत विचारला जातो. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, वंदना पाठ झाली, धाकट्याचे नाव गौतम ठेवले. पण घरधन्याचा राग गेला नाही, जिभेवरची शिवी गेली नाही आणि पगाराच्या दिवशीची बाटलीही गेली नाही. शेजारी टोमणा मारतात, "धर्म बदलला, माणूस कुठे बदलला?" टोमणा मारणाऱ्याचा हेतू चांगला नसेल, पण प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर चिडून देण्यापेक्षा समजून दिलेले बरे.

पंचशील घेताना आपण प्रत्येक वेळी 'सिक्खापद' हा शब्द उच्चारतो. किती जण त्याच्या अर्थाकडे लक्ष देतात? सिक्खा म्हणजे शिक्षण, पद म्हणजे पाऊल. शील ही कोणा परमेश्वराने वरून दिलेली आज्ञा नव्हे; शिकण्याचे एकेक पाऊल आपण स्वखुशीने उचलीत असतो. पहिलीतल्या मुलाला 'ग' नीट काढता येत नाही म्हणून आम्ही शिक्षक त्याचे नाव हजेरीपटावरून कमी करीत नाही. त्याच्याकडून पुन्हा गिरवून घेतो. शीलाचेही तसेच आहे. मात्र गिरवायचे कसे, हे कळले पाहिजे.

ते भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला शिकविले आहे. मज्झिमनिकायात अम्बलट्ठिक राहुलोवाद नावाचे सुत्त आहे. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मग्रंथ सांगितले. त्यांत असत्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. तो शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. म्हणजे सव्वाबावीसशे वर्षांपूर्वीही हा पाठ गृहस्थांसाठी मोलाचा मानला जात होता.

प्रसंग असा. राहुल तेव्हा श्रामणेर होता. भगवान आले तेव्हा त्याने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी उरविले आणि राहुलाला दाखविले : जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले. दर वेळी प्रश्न तोच. विचार करा, बाप मुलाला खोटेपणाबद्दल शिकवीत आहे. पण आवाज चढलेला नाही, हात उगारलेला नाही, नरकाची भीती घातलेली नाही. घरातले रोजचे भांडे घेतले आणि मुलाच्या डोळ्यांना दिसेल असे केले. आपल्या वस्तीतल्या किती बापांना हे जमते? उलट उधारीवाला दारात आला की आपणच मुलाला आतून सांगतो, "सांग, बाबा घरी नाहीत." संध्याकाळी तेच मूल गृहपाठाबद्दल खोटे बोलले की त्याला बडवितो. मूल आपण सांगितलेले शिकत नाही, आपण केलेले शिकते.

नंतर भगवान विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसेच काया, वाचा व मन यांचे कर्म पाहून पाहून करावे, असा त्यांचा उपदेश आहे. हे पाहणे तीनदा करावयाचे : करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर. कसोटी एकच : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? करण्यापूर्वी कळले तर करू नये. करताना कळले तर तिथेच थांबावे. केल्यावर कळले तर काया-वाचेची चूक गुरूपुढे किंवा समंजस सोबत्यापुढे उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. आणि कर्म चांगले झाले असेल, तर आनंदाने राहावे व शिकत राहावे.

आधुनिक मानसशास्त्राने तथागतांना प्रमाणपत्र द्यावे, याची मुळीच गरज नाही. तरीही शिकल्यासवरल्या मुलांना हे शास्त्र जवळचे वाटते, म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो. अमेरिकेचे विल्यम जेम्स यांनी १८९० साली मानसशास्त्राच्या आपल्या मोठ्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीची मज्जासंस्थेत वाट पडते आणि मग ती कृती विचाराशिवाय होऊ लागते, हा त्याचा गाभा. शेतातून रोज जाणाऱ्याच्या पायाने पाऊलवाट पडते, तसेच हे. बारा वर्षे पडलेली वाट बारा दिवसांत बुजत नाही. नवी वाट शेजारून पाडावी लागते.

किती दिवसांत? एकवीस दिवसांत सवय लागते, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या शल्यचिकित्सकाने १९६० साली आपल्या पुस्तकात निदान एकवीस दिवस लागतात असे निरीक्षण मांडले होते. पुढे लोकांनी 'निदान' हा शब्द गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची वा व्यायामाची एक साधी कृती रोज ठरलेल्या प्रसंगी करावयास सांगून १२ आठवडे नोंद ठेवली. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा आला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असेही दिसले नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांत सर्वांत उपयोगी आहे. दारू सोडलेला माणूस लग्नात एकदा पितो आणि म्हणतो, "आता शील मोडलेच, मग पुरी प्यायला काय हरकत?" व्यसनमुक्तीचा अभ्यास करणारे ॲलन मार्लाट यांनी हेच हेरले होते. पहिला घोट माणसाला जितका पाडतो, त्याहून जास्त 'मी गेलोच' हा विचार पाडतो. राहुलाच्या आरशात ही निराशा नाही. चूक पाहा, सोबत्याला सांगा, पुढे आवरा. बस्स. आणि घरच्यांनीही त्या दिवशी मागची दहा वर्षे उकरून काढू नयेत.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. जो रोज भरपूर पितो, सकाळी न प्यायल्यास ज्याचे हात कापतात, त्याने एकाएकी स्वतःच्या जोरावर दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्यावे. शीलाच्या आवेशात औषध टाळणे हा धम्म नव्हे.

आता 'करण्यापूर्वी' पाहावयाचे कसे? रागाच्या भरात आरसा कोण काढणार? म्हणून तो शांत वेळी तयार ठेवावा लागतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखविले की, "मी राग आवरीन" अशा नुसत्या संकल्पापेक्षा "अमुक झाले, तर मी तमुक करीन" असा नेमका संकल्प अधिक पार पडतो. उदाहरणार्थ : जेवणाला उशीर झाला आणि शिवी ओठावर आली, तर मी उठून माठातले पाणी पिईन. पगार हातात पडला, तर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या रस्त्याने न येता दुसऱ्या गल्लीने घरी येईन आणि पैसे पत्नीच्या हाती देईन. पैसे देण्याची ही गोष्ट माझ्या पदरची नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये आहेत, त्यांत पत्नीचा मान राखणे, अवमान न करणे आणि घरचा अधिकार तिच्याकडे सोपविणे ही येतात. अधिकार सोपवायचा आणि पैसा मात्र खिशात ठेवायचा, हे कसे जमावे?

'करताना' पाहणे मला सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे वाटते. अर्धी शिवी तोंडातून गेली असतानाही उरलेली अर्धी गिळता येते. पुरुषाला यात कमीपणा वाटतो, कारण सुरू केलेले भांडण जिंकलेच पाहिजे असे आपण लहानपणापासून पाहिले. पण बायकामुलांना हरवून कोणाच्या घरी सुख आले आहे?

आनंदाचा भाग आपण बहुधा विसरतो. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पक्की होते, हा नियम त्यांतून निघाला. मुलाने आपण होऊन खरे सांगितले आणि त्याबद्दल मार खाल्ला, तर पुढच्या वेळी ते खोटेच बोलेल. फुटलेल्या काचेची भरपाई त्याच्याकडून कामाने करून घ्या, पण खरे बोलल्याबद्दल आधी पाठीवर हात ठेवा.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी एकच सवय निवडावी. पाचही शिलांची मोहीम एका पौर्णिमेला काढू नये. एक चाळीस पानी वही घ्यावी. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त लिहावे : राग केव्हा आला, कोणत्या वेळी, आधी काय घडले, पोट रिकामे होते काय, हातात मोबाईल होता काय. बहुतेकांना आठ दिवसांत दिसते की आपला राग दिवसभर पसरलेला नसून कामावरून आल्यानंतरच्या अर्ध्या तासात साठलेला आहे. मग त्या अर्ध्या तासापुरताच 'तर'चा संकल्प करावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्यावे. तिच्यासमोर सांगताना जी लाज वाटेल, तीही कामाची आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर आपल्या विश्वासातल्या एका उपासकापाशी बसून ती वही उघडावी. तो वयाने वडील असलाच पाहिजे असे नाही, मात्र ऐकलेले वस्तीभर सांगणारा नसावा.