आईनं जरा बाहेर थांबावं

अगं, काल फोनवर तू इतकं भराभर बोललीस की मला मध्ये हुंकार द्यायलाही फट मिळाली नाही. म्हणून आता लिहायला बसले. आधी तू एकटीनं वाच, मग वाटलं तर मेहुण्यांना दाखव. त्यांच्याबद्दलही दोन शब्द आहेत पुढे.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की लेक दहा वर्षांची झाली, शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर भिरकावते आणि जाडजूड पुस्तकात डोकं खुपसते. त्यात जादूगार, राक्षस, तळघरं, मरणारी माणसं. आणि एकाही पुस्तकात धड आई-बाप नाहीत! 'ताई, या लेखकांचं आयांशी एवढं वाकडं तरी काय आहे?' असं तू विचारलंस तेव्हा मला हसू आलं. पण प्रश्न नेमका आहे हं. साहसकथेची सगळी मेख तिथेच आहे.

असं बघ. जुन्या वाड्यात मुलांना भुयाराचं तोंड सापडलं. आई घरात असेल तर काय होईल? ती म्हणेल, 'आधी सगळे बाहेर या, साप-किरडू असेल. संध्याकाळी बाबा आले की बघू.' संपली गोष्ट. पान उलटायचंसुद्धा काम नाही. म्हणून मुलांसाठी साहस लिहिणाऱ्याला पहिल्यांदा मोठ्यांना वाटेला लावावं लागतं. कुणी ते निर्दयपणे करतं, कुणी हसतखेळत. रोलिंगबाईंनी हॅरीच्या आई-बापांना गोष्ट सुरू होता होताच संपवलं आणि पोराला मावशीच्या घरी जिन्याखालच्या अडगळीत नेऊन ठेवलं. स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडग्रेननं १९४५ साली पिपी आणली. तिची आई ती तान्ही असतानाच गेलेली, बाप समुद्रात वाहून गेलेला, आणि पोरगी माकड नि घोडा घेऊन एका घरात खुशाल एकटी राहते. एनिड ब्लायटननं सोपी वाट काढली. सुट्टी लागली की मुलांची रवानगी काका-काकूंकडे, आणि काका संशोधनात इतके गढलेले की घरात पोरं आहेत की नाहीत याचाही त्यांना पत्ता नसतो.

सी. एस. लुईससाठी मात्र हे काम इतिहासानंच करून ठेवलं होतं. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांतून मुलांना गावाकडे हलवायला सुरुवात झाली. पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक हलवले गेले. त्यात निम्म्याच्या वर शाळकरी मुलं होती. लुईसच्या ऑक्सफर्डच्या घरीही अशा काही मुली राहायला आल्या होत्या. पुढे १९५० साली नार्नियाचं पहिलं पुस्तक आलं. त्यातली चार भावंडं लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या घरी येतात, बाहेर पाऊस लागलेला असतो, घर धुंडाळता धुंडाळता धाकटी एका कपाटात शिरते आणि पलीकडे बर्फात निघते. मुलं वाचताना त्या कपाटाशी थबकतात. मला आता या वयात त्या कपाटाच्या आधीचं स्टेशन दिसतं, कोटावर नावाची चिठ्ठी लावलेली पोरं आणि त्यांना निरोप द्यायला आलेल्या आया. लुईस त्यावर फारसं थांबत नाही, एका वाक्यात पुढे जातो. बरोबरच आहे. ती गोष्ट आयांची आहे, आणि त्याला मुलांची सांगायची आहे.

आता आपला फास्टर फेणे घे. भा. रा. भागवतांनी बनेशला अनाथ वगैरे केलं नाही. फुरसुंगीचं पोर पुण्याला विद्याभवन शाळेत घातलं, एवढ्यावर काम भागलं. हाताशी सायकल, तोंडात ते 'ट्टॉक्', आणि 'कुठे निघालास?' असं दारात विचारणारं कुणी नाही. त्या जोरावर तो प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत जाऊन आला. (आमच्या वाचनालयात येणाऱ्या हडपसरच्या मुलांना फुरसुंगी म्हणजे कचरा डेपो एवढंच ठाऊक असतं. तिथला एक मुलगा चोरांच्या मागे सायकल दामटत होता हे ऐकून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) मोठी माणसं फेणेच्या गोष्टींत आहेत, पोलीस आहेत, पण ती पोचायच्या आत निर्णय घ्यायची वेळ त्याच्यावरच येते. आत शिरायचं की मदत आणायला जायचं? या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? दहा वर्षांच्या पोराला रोजच्या जगण्यात असं काही ठरवायला मिळतं का गं? डब्याला काय न्यायचं, हेसुद्धा आपण ठरवतो.

आणि इथेच मला तुला रागवायचंय. पुस्तकातून आई-बापांना लेखकानं बाहेर काढलं, पण तू मात्र पलंगाच्या कडेला बसून आहेस. पान संपलं की, 'काय झालं यात? कोण चांगलं, कोण वाईट?' वर ती वही! पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, 'मला मिळालेला बोध'. लेकीनं ती मला दाखवली. हॅरी पॉटरपुढे तिनं लिहिलंय, 'नेहमी खरे बोलावे.' अगं, तो हॅरी पानापानांवर खोटं बोलतो! तिला ते पक्कं माहीत आहे. तुला काय वाचायला आवडेल हेही तिला पक्कं माहीत आहे, म्हणून तिनं ते लिहिलं. ती वही बंद कर. आजपासून.

प्रश्न विचारायचेच असतील तर वेताळासारखे विचार. चांदोबा आठवतो ना? मराठी चांदोबा १९५२पासून घरोघरी येत होता, आणि त्यात शंकर यांनी काढलेला तो राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आजूबाजूला स्मशान. आपण ते जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायचो, आणि आईनं कधी हिसकावून घेतल्याचं मला आठवत नाही. वेताळ 'बोध काय' असं विचारत नाही. तो विचारतो, दोघांची शिरं अदलाबदल होऊन भलत्याच धडांवर बसली, तर आता या बाईचा नवरा कोणता? विक्रम म्हणतो, शिर ज्याचं तो. आपण त्यावर किती भांडलो होतो! तुझं म्हणणं होतं की हात ज्याचे तो, कारण कामं हात करतात. असं काही विचारता आलं तर विचार, आणि उत्तर स्वतःलाही ठाऊक नसू दे.

भीतीचं म्हणशील तर तुझी काळजी मला कळते. रात्री एकदा ती दचकून उठली म्हणालीस. पण तू जे केलंस, पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलंस, त्यानं भीती अर्धवटच राहिली ना. राक्षस दारात आला आणि पुस्तक गेलं; आता तो दारातच उभा राहणार. अशा वेळी दिवा लाव, शेजारी बस आणि पुढचं प्रकरण दोघी मिळून वाचा, म्हणजे तो राक्षस मार्गी लागेल. नकोच वाटलं तर तिनं स्वतः मिटावं. पुस्तकाची हीच तर सोय आहे. सिनेमाच्या पडद्यावर राक्षस दिग्दर्शक ठरवील तेवढा मोठा असतो. पुस्तकातला राक्षस तिच्या मनाला पेलवेल तेवढाच उभा राहतो, आणि जड झाला तर ती पान मिटते.

लिंडग्रेनचंच एक पुस्तक आहे, १९८१ सालचं, रोनिया नावाच्या मुलीचं. बाप मॅटिस दरोडेखोरांचा सरदार, जंगलातल्या गढीत राहणारा. लेक पहिल्यांदा एकटी जंगलात निघते तेव्हा हा आडदांड माणूस अगदी तुझ्यासारखा वागतो. यापासून जप, त्यापासून जप, वाट चुकू नकोस, नदीत पडू नकोस, दरीत कोसळू नकोस. मोठी यादी! पोरगी यादी लक्षात ठेवते आणि काय करते माहितीये? नदीत न पडण्याचा सराव करायचा तर तो नदीशीच व्हायला हवा, म्हणून थेट धारेतल्या दगडांवर उड्या मारायला जाते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून मोठ्यानं हसले होते. मुलांच्या पुस्तकांत बापाची माया आणि लेकीचं डोकं इतकं एका जागी मी क्वचित पाहिलंय. आणि बघ, इथे आई-बाप दोघंही जिवंत आहेत, धडधाकट आहेत. पुढे रोनिया बापाशी भांडून गुहेत राहायला जाते तेव्हा आई तिथे भेटायला येते, लेकीला कुशीत घेते, पण हाताला धरून घरी आणत नाही. तुला पुस्तकात आई हवी होती ना? ही घे.

आता मेहुणे. 'हे सगळं वास्तवापासून पळणं आहे, जरा उपयोगाचं वाचायला दे,' असं त्यांचं मत. त्यांना म्हणावं, हा आरोप जुना आहे. टॉल्किननं १९३९ साली स्कॉटलंडमध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं, त्यात याचं उत्तर आहे. त्याचं म्हणणं साधारण असं, की कैदी तुरुंगातून सुटायला बघतो आणि शिपाई रणातून पळ काढतो, या दोन गोष्टी तुम्ही एकाच शब्दात कोंबता. शाळा, क्लास, दुसरा क्लास आणि मग गृहपाठ असं करून दमलेली दहा वर्षांची मुलगी यातली कोण, ते त्यांनीच ठरवावं. उपयोगाचंच हवं असेल तर नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आणा म्हणावं घरी. आधी स्वतः वाचा मात्र.

याचा अर्थ जे मिळेल ते चांगलं, असं मी म्हणत नाहीये. पुष्कळ अद्भुतकथा टाकाऊ असतात. माझी परीक्षा साधी आहे. जादूची काही किंमत मोजावी लागते का, ते मी बघते. अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'मध्ये, हे १९६८चं पुस्तक, गेड नावाचा हुशार पोरगा प्रतिस्पर्ध्यापुढे शेखी मिरवायला नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली मोकळी सुटते. मग ती त्याच्या मागे लागते. तिथे जादूला वजन आहे. याउलट कांडी फिरवली की सगळं जागच्या जागी, असं असेल तर तिसऱ्या प्रकरणात मुलं स्वतःच जांभया देतात. आणि ती नवी गुळगुळीत पुस्तकं, ज्यात ड्रॅगन येऊन दात घासायला शिकवतो, ती तर साखरेत घोळलेली गोळी. मुलं साखर चाटून गोळी थुंकतात.

आपल्या मराठीची एक उणीव मला सलते. साहसाला निघालेली मुलगी शोधावी लागते. फेणे मुलगा, बिपिन बुकलवार मुलगा, त्याआधीचा गोट्या मुलगा. ताम्हनकरांची चिंगी आहे, पण तिचा खोडकरपणा घराच्या आसपासचा. तुझ्या लेकीला इंग्रजीत रोनिया मिळते, मराठीत तिच्या तोडीची कुणी मला अजून सापडायची आहे. तरी मराठी सोडू देऊ नकोस. ती इंग्रजी शाळेत, तिला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि साहसकथेत वेग गेला की सगळं गेलं. तेव्हा मराठी तू मोठ्यानं वाचून दाखव, इंग्रजी ती वाचेल. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, त्यातलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' जुन्या वाचनालयात मिळालं तर सोडू नकोस. नाहीतर 'किशोर'चे अंक आहेतच. १९७१पासूनचे जुने अंक पाठ्यपुस्तक मंडळानं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. वाचताना एक लबाडी करायची. प्रकरणाच्या शेवटापर्यंत जायचंच नाही. फेणे भिंतीवर चढला, खाली कुत्रा गुरगुरतोय, की 'चला, झोपा आता' म्हणून पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं आणि खोलीतून निघून जायचं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो की नाही, ते सकाळी कळेल.

आणि तू काय करायचंस, तर मॉरिस सेंडाकच्या मॅक्सची आई करते तेवढं. १९६३चं ते चित्रांचं पुस्तक मी तुला तुझ्या डोहाळजेवणाला दिलं होतं. मॅक्स दंगा करतो म्हणून त्याला उपाशी झोपायला पाठवतात, तो रागारागानं जंगली प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो. परत येतो तर खोलीत जेवण वाढून ठेवलेलं असतं, गरम. आई चित्रात एकदाही दिसत नाही. ती कुठे होती, तिनं माफ केलं का, काही नाही.

तर रविवारी लेकीला माझ्याकडे पाठव. रोनिया काढून ठेवलीय, अर्थसीला मात्र अजून दोन वर्षं थांबू दे. तू सोबत आलीस तर तू स्वयंपाकघरात माझ्याशी गप्पा मारायच्या, ती पुस्तकांच्या खोलीत एकटी जाईल. काय उचलते ते बघायला यायचं नाही. आणि गेल्या महिन्यात नेलेला फास्टर फेणे आठवणीनं परत आण, दोन पोरं त्यासाठी माझ्या दारात रोज चकरा मारताहेत.