अनेक हात, एक सूर

कव्वालीत पेटीचे सूर तुम्ही ऐकले असतील. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता हलवत राहिले, की सूर चालू राहतो. पियानोचे तसे नाही. पट्टी दाबताच आतली हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटतो. पट्टी दाबून ठेवली, तरी तो हळूहळू विरतो. आजच्या पियानोला अशा ८८ पट्ट्या असतात : ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या.

एकट्याने पियानो वाजवणे नेहमीचेच. पण शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वाजवणार असतील, तर तो कार्यक्रम जरूर ऐका. कधी एकाच पियानोवर दोघे शेजारी बसतात. उजवीकडचा उंच सूर वाजवतो, डावीकडचा खालचे. कधी रंगमंचावर दोन, तीन किंवा चार पियानो मांडतात.

यात सर्वांत अवघड काय? सर्वांनी एकाच क्षणी पट्टी दाबणे! एकाची बोटे जरा मागे राहिली, तरी ते लगेच कानाला कळते. म्हणून वादक एकमेकांकडे पाहतात. एक जण मान हलवून खूण करतो आणि वादन सुरू होते. शिक्षकांना कितीही वेगाने वाजवता येत असले, तरी ते पुढे धावत नाहीत. मुख्य धून विद्यार्थ्याकडे आली, की ते आपला आवाज कमी करतात.

अशा वादनाची एक जुनी गोष्ट ऐका. साल्झबुर्ग हे शहर आज ऑस्ट्रिया देशात आहे. तेथे १७७६ साली थोर संगीतकार मोझार्ट यांनी तीन पियानोंसाठी एक रचना लिहिली. तेव्हा ते २० वर्षांचे होते. लोड्रोन या सरदार घराण्यातील एक बाई आणि त्यांच्या दोन मुली यांच्यासाठी ती रचना होती. धाकट्या मुलीला फार अवघड वाजवता येत नव्हते. मोझार्ट यांनी तिला वगळले नाही. तिसऱ्या पियानोचे काम त्यांनी सोपे ठेवले.

पुढच्याच वर्षी जर्मनीतील औग्सबुर्ग शहरात ही रचना वाजवली गेली. पहिला पियानो एका ऑर्गनवादकाने वाजवला. तिसऱ्यावर पियानो तयार करणारे कारागीर स्टाइन होते. आणि मोझार्ट? ते दुसऱ्या पियानोवर बसले!

अशा कार्यक्रमात सर्वांत लहान वादकाकडे लक्ष द्या. त्याच्या वाट्याला थोडेच सूर असतात. पण तो मनात मात्रा मोजत आपल्या पाळीची वाट पाहतो. त्याचा सूर चुकला, तर सगळ्यांची रचना अपुरी राहते. सोपे काम म्हणजे बिनमहत्त्वाचे काम नव्हे. रचना पूर्ण संपली, की सर्वांसाठी टाळ्या वाजवा.

शब्दार्थ
विरणे – हळूहळू नाहीसे होणे
वगळणे – बाजूला ठेवणे, न घेणे
पाळी – बारी

स्वाध्याय
१. पेटी आणि पियानो यांच्या सुरांत कोणता फरक आहे?
२. मोझार्ट यांनी तिसऱ्या पियानोचे काम सोपे का ठेवले?
३. तुम्ही सर्वांनी मिळून केलेल्या एखाद्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.