पैसे वसूल व्हायलाच हवेत का?

पालकहो, परीक्षा संपल्या की बहुतेक घरांत थीम पार्कचा विषय निघतोच. वर्गातले सगळे जाऊन आले, आपण कधी जायचं? मामाच्या गावाला महिनाभर राहायची सोय आता फार थोड्यांना उरली आहे, आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी रोलर कोस्टरवरचा, केस उभे राहिलेला फोटो टाकलेला असतो. मग दोघांची सुट्टी जुळवून, एखादा रविवार गाठून तिकिटं काढली जातात.

तुमच्यातले बरेच जण हाच हट्ट करून मोठे झालेत. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. लाँचमधून खाडी ओलांडून तिथे गेलेली मुलं आज आई-बाप आहेत आणि त्या जाहिरातीचं गाणं अजून त्यांच्या ओठांवर येतं. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं आणि मुंबई-पुण्याच्या मुलांचा हट्ट तिकडे वळला. आजचं हितगुज इमॅजिका डोळ्यांसमोर ठेवूनच करते. तुम्ही नागपूरला, शिर्डीला किंवा हैदराबादला दुसऱ्या कुठल्या पार्कात जाणार असलात तरी ऊन आणि रांग तिथेही हीच आहे.

मला बोलायचंय ते तिकिटाबद्दल. जत्रेतल्या पाळण्याला दर फेरीचे वेगळे पैसे पडतात, त्यामुळे दोन फेऱ्या झाल्या की आपणच म्हणतो, पुरे आता. थीम पार्कात गेटवर एकरकमी पैसे भरले की आतल्या जवळजवळ सगळ्या राइड त्यातच येतात. चौघांचे मिळून काही हजार गेलेले असतात. तिथून आपल्या डोक्यात भागाकार सुरू होतो : इतके पैसे, इतक्या राइड, एक राइड केवढ्याला पडली? हा भागाकार मुलं करत नाहीत. बम्पर बोटीत तीनदा बसलेलं पोर खूश असतं, आणि आपण त्याचा दंड धरून त्याला पुढच्या रांगेकडे ओढत असतो, कारण "नायट्रो राइड राहिलीय अजून".

दिवसाचा हिशेब खरं तर असा असतो. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत चोवीस माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला सातशे वीस माणसं. तुमच्यापुढे तीनशे साठ माणसं असतील तर अर्धा तास उभं राहायचं, आणि बसल्यावर सगळा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपणार. दोन गाड्यांपैकी एक दुरुस्तीला गेलेली असेल तर तोच अर्धा तास एक तासाचा होतो. रांगेत शिरण्याआधी बाजूला उभं राहून दोन गाड्या सुटताना घड्याळ बघा, आसनं मोजा आणि पुढच्या माणसांचा ढोबळ अंदाज घ्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे मोजायला फार आवडतं. "आई, चाळीस मिनिटं लागतील, नको" असं त्यांनीच सांगितलं तर ते आपल्या "चला रे"पेक्षा केव्हाही बरं.

थांबणं किती लांबतं यापेक्षा ते किती वेळ चालणार हे ठाऊक नसणं माणसाला जास्त छळतं. डेव्हिड माइस्टर या अभ्यासकानं 1985 साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं त्यात हे आहे, आणि रिकामं थांबणं हे गुंतून थांबण्यापेक्षा लांब वाटतं हेही आहे. पार्कवाले हे पक्कं जाणून असतात. म्हणून रांग नागमोडी फिरवतात, भिंतींवर चित्रं काढतात, मधेच पडद्यावर काहीतरी दाखवतात. आपणही तयारीनं जावं. गावांच्या नावांच्या भेंड्या, बोटांवर खेळायचे खेळ, खिशात मावणारा पत्त्यांचा छोटा जोड. मोबाइल हातात देणं सोपं आहे, पण उन्हात पडदा दिसत नाही, बॅटरी दुपारीच संपते आणि संध्याकाळी चुकामूक झाली की फोनच बंद. चुकामुकीवरून आठवलं : सकाळी गेटवरच मुलांचा एक फोटो काढून ठेवा. आज कुठला शर्ट घातला होता हे ऐन घाईत आईलासुद्धा आठवत नाही. आणि लहानाच्या हातावर तुमचा नंबर बॉलपेननं लिहा.

जास्त पैसे भरून रांग टाळायचा पास घ्यावा का, असं मला विचारतात. गर्दीच्या दिवशीच जाणं भाग असेल आणि खिशाला झेपत असेल, तर घ्या. त्यापेक्षा मधल्या वारी जा. त्याहून बरं म्हणजे मे महिन्यात जाऊच नका. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा एखादा मंगळवार, शाळेला एक दिवस दांडी. शिक्षकांना माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

पण तुम्ही मेमध्येच जाणार, हेही मला ठाऊक आहे. तर आता उन्हाकडे वळू.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. वर लोणावळा म्हणून खालीही गार असेल, हा गैरसमज पुण्याकडच्यांमध्ये बराच आहे. घाट उतरलात की तुम्ही कोकणात आलात. हवेत दमटपणा असला की घाम येतो पण सुकत नाही, आणि अंग गार होतं ते घाम सुकल्यामुळे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लोक भर उन्हात तासन्‌तास बसले आणि उष्माघातानं माणसं दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. मोबाइलवर अडतीस अंश दिसले म्हणून "विदर्भातले लोक हसतील आपल्याला" असं म्हणू नका. विदर्भातली हवा कोरडी असते.

लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्यांची त्वचा जास्त पसरलेली असते, त्यामुळे बाहेरची उष्णता ती पटकन ओढून घेतात, आणि घामही त्यांना कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागल्याचं त्यांना कळत नाही. "पाणी हवंय का?" असं विचारलंत तर उत्तर "नको" असंच येणार. विचारू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट प्यायलाच लावा. मूल सकाळपासून एकदाही लघवीला गेलं नसेल किंवा लघवी गर्द पिवळी होत असेल, तर पुढची राइड राहू द्या आणि सावलीत बसा.

काय प्यायला द्यायचं? पाणी, ताक, पन्हं, कोकम सरबत. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, मात्र लहान बाळाचं खाणं आणि औषधं चालतात. निघण्याआधी फोन करून विचारून घ्या, म्हणजे गेटवर डब्यावरून वाद नको. ओआरएसच्या पुड्या पिशवीत असू द्या. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची. अर्ध्या बाटलीत अर्धी पुडी अंदाजानं टाकली की प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात ओआरएसच्या नावावर गोड सरबतं डब्यांत विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, पण तुम्ही पाकीट वाचूनच घ्या.

बाबागाडीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. ऊन लागू नये म्हणून आई बाबागाडीवर ओढणी टाकते, चारी बाजूंनी नीट खोचते आणि आत बाळ शांत झोपलंय म्हणून निश्चिंत होते. मी हे प्रत्येक उन्हाळ्यात बघते. ओढणीखाली हवा खेळत नाही आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. त्यात बाबागाडी जमिनीलगत असते आणि फरशी तर तव्यासारखी तापलेली असते. ओढणी काढून बाळाच्या मानेला हात लावून बघा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला आजीकडे ठेवून जाणंच शहाणपणाचं. आणि आजीला बरोबर नेणार असाल तर तिला पिशव्या सांभाळायला बाकावर बसवून ठेवू नका. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उन्हाचा त्रास तिला मुलांच्या आधी होईल.

उन्हात मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळू लागलं, तर त्याला लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या रुमालानं अंग पुसा, वारा घाला. पण ते असंबद्ध बोलायला लागलं, हाका मारूनही नीट ओ देईना, अंग भाजत असेल, तर हा उष्माघात. पार्कातल्या वैद्यकीय कक्षाला हाक द्या, 108 ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्ध नीट नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

दिवसाची आखणी उन्हाप्रमाणे करा. गेट उघडण्याच्या आधी पोचलात तर पहिल्या तासात उघड्यावरच्या मोठ्या राइड उरकतात : नायट्रो, स्क्रीम मशीन, गोल्ड रश एक्स्प्रेस. गेटमधून शिरताच बहुतेक लोक समोर दिसेल त्या रांगेत उभे राहतात, तुम्ही सरळ आत चालत जा. बारा ते चार छपराखाली : आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया, अलीबाबा. डीप स्पेसही बंद अंधारातच धावतं. जेवण साडेअकरालाच घ्या, एक वाजता भोजनगृहात पुन्हा रांग असते. आणि भरल्या पोटी गोल फिरणाऱ्या राइडवर मुलांना बसवू नका. कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात, आणि मग वडापाव बाहेर येतो. वॉटर पार्कात तर जास्तच जपा. अंग ओलं असतं म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, पण खांदे तिथेच भाजतात आणि तहानही तिथेच विसरली जाते.

डिस्नेलँडचं उद्घाटन 17 जुलै 1955 ला झालं तेव्हाही कॅलिफोर्नियात असंच कडक ऊन होतं. प्लंबरांचा संप चालू होता, म्हणून प्यायच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहं असा पेच पडला. वॉल्ट डिस्नेनं स्वच्छतागृहं निवडली. लोक पाण्यावाचून तडफडले आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. चार माणसांमागे एकच बाटली घेऊन येणारे पालक बघितले की मला हा किस्सा आठवतो.

आता उंचीच्या पट्टीकडे या. मोठ्या राइडच्या तोंडाशी ती उभी असते आणि तिथे दिवसभर एकच नाटक चालतं. सातेक वर्षांचा मुलगा टाचा उचलून उभा. बाबा हळूच म्हणतात, "मान ताठ कर." आई त्याचे केस वर फुलवते. राइडवरचा पोरगा शांतपणे त्याच्या डोक्यावर तळहात टेकवतो, केस दाबतो, बुटांकडे बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. मग बाबा त्या पोराशी हुज्जत घालतात, "दोन बोटांचा तर फरक आहे, मी बसतो ना बाजूला!" गाडी उलटी होताना बाबांच्या हातानं मूल धरून राहत नाही. ते धरतं मांडीवरचा किंवा खांद्यावरचा दांडा, आणि तो दांडा ठरावीक मापाच्या अंगावरच घट्ट बसतो. नायट्रोला तर पायाखाली तळच नाही, पाय अधांतरी लोंबतात. दोन बोटांचा फरक तिथे फार मोठा असतो. आणि आपल्या देखत बाबा खोटं बोलून नियम वाकवू बघतात, हे मूल पाहतं ते वेगळंच.

हे सगळं घरी टाळता येतं. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. आदल्या आठवड्यात मुलाला भिंतीला टेकवून मापा आणि तिथेच यादी करा : या चालतील, या पुढच्या वर्षी. रडायचं ते घरात रडून होतं. दोन मुलांतलं एक उंच आणि एक बुटकं असेल तर आधीच ठरवा, एक जण मोठ्याबरोबर जाईल, दुसरा धाकट्याला बोटीत नेईल. धाकट्याला कुंपणाबाहेर उभं करून दादाचा व्हिडिओ काढायला लावू नका.

आणि उंची पुरते, तरी मूल "नको" म्हणतं, तेव्हा? पाऊण तास रांगेत उभं राहून, गाडीपाशी पोचल्यावर ते मागे सरतं. तेव्हा आपल्या तोंडून काय निघतं ते आठवा. घाबरट, भित्रा, मुलीसारखा काय रडतोस (हे तर मुळीच नको), बघ ती छोटी बसली. बहुतेक राइडना बसायच्या जागेपासून बाहेर पडायची वाट ठेवलेली असते, नसेल तर कर्मचाऱ्याला सांगा, तो सोडतो. तिथून हसत बाहेर पडा. सलीमगढसारख्या भुताच्या राइडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांना आपण चेष्टा म्हणून नेतो आणि पुढचे आठ दिवस ती बाथरूमचं दार उघडं ठेवतात. ते पैसे कुठे वसूल झाले?

निघायची वेळ सकाळीच ठरवा आणि ती पार्क बंद होण्याच्या वेळेच्या दीड-दोन तास आधीची ठेवा. शेवटच्या दोन तासांत भांडणं, रडणं, हरवलेल्या चपला, सगळं होतं. मुंबईकरांना परतीला सपाट रस्ता आहे. पुणेकरांना मात्र दिवसभर उभं राहिल्यावर अंधारात बोरघाट चढायचा असतो, मागच्या सीटवर एकाला उलटीची भावना, दुसरं पेंगुळलेलं. मुलांना पट्टे लावा, उलटीसाठी पिशवी हाताशी ठेवा. आणि जो गाडी चालवणार आहे, त्याला दुपारी एसीतल्या एखाद्या शोच्या मागच्या रांगेत अर्धा तास घोरू द्या. त्याला उठवून "तिकिटाचे एवढे पैसे दिलेत" असं म्हणू नका.