छोटा मासा, मोठा मासा : मरळ कशी धरतात?

बालमित्रांनो, गळाला गांडूळ लावून मासे धरणारे गावात पुष्कळ आहेत. पण मरळ धरायची तर गळाला जिवंत छोटा मासा लावतात. असे का, ते आज्याला व गुरुजींना विचारून मी लिहीत आहे.

मरळीचे डोके सापासारखे चपटे असते व तोंडात तीक्ष्ण दात असतात. काठच्या गवतात ती दबा धरून बसते. जवळून छोटा मासा किंवा बेडूक गेला की झडप घालते. म्हणून तिला हलते आमिष लागते.

आमिष : खवलीसारखा बोटाएवढा मासा घ्यावा. बारीक गळाला कणकेची गोळी लावली की तो सापडतो. बादलीत गर्दी करू नये व बादली सावलीत ठेवावी. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. मरळीचे तसे नाही. कल्ल्यांशिवाय तिच्या डोक्यात हवा घेण्याची खास जागा असते. मधून मधून ती वर येऊन तोंडाने हवा घेते. त्यामुळे ती गढूळ डबक्यातही जगते. वर आलेला बुडबुडा पाहूनच आजा तिची जागा ओळखतो.

गळ : छोट्या माशाच्या पाठीवरच्या पराखाली, वरच्या मांसातून गळ घालतात. खोल गेला तर कणा दुखावतो आणि मासा पोहत नाही. मग गवताच्या कडेला सोडतात. बूच बुडाले की लगेच हिसका देऊ नये. आजा म्हणतो, "पोरा, दम धर. तिला गिळू दे, मंग ओढ."

हे विसरू नका : पावसाळ्यात मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पुढे पिल्लांचा तांबूस थवा फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. कोणी जवळ आले की ते धावून जातात. त्या वेळी त्यांना गळाला लावणे सोपे असते, पण मग राखण जाते व दुसरे मासे पिल्ले खाऊन टाकतात. एका कालवणासाठी सगळा थवा जातो! म्हणून तांबूस थवा दिसला की गळ गुंडाळावा.

उरलेले आमिषाचे मासे दुसऱ्या तळ्यात सोडू नयेत. तिलापी, म्हणजे आपली चिलापी, १९५२ साली परदेशातून भारतात आणली. आज ती कितीतरी तळ्यांत पसरली आहे आणि देशी माशांचे अन्न व जागा घेते. बादलीतून अशीच नको ती जात आपल्या तळ्यात येईल.

पालकांनाही माझी विनंती आहे. पुरात मुलांना एकटे गळ टाकायला पाठवू नये.

सांगा पाहू :
१. बादलीतली खवली लवकर मरते, मरळ का मरत नाही?
२. तांबूस थवा दिसला तर तुम्ही काय कराल?

— इयत्ता ७ वी