ट्रॉलीचा ब्रेक

भरलेली बैलगाडी उताराला लागली की तिचे ओझे बैलांच्या मानेवर येते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ट्रॅक्टरमागील ट्रॉलीचेही तसेच घडते. चढावर मुकाट्याने ओढली जाणारी ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू लागते.

समजा, ट्रॅक्टर 2 टनांचा व उसाने भरलेली ट्रॉली 6 टनांची आहे. ट्रॉलीस ब्रेक नसेल, तर 8 टनांचा भार एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकने थांबवावा लागतो. मोकळा ट्रॅक्टर जेवढ्या अंतरात थांबतो, त्याच्या सुमारे चौपट अंतर सपाट रस्त्यावरही लागू शकते. वेग दुप्पट केल्यास ते अंतर पुन्हा चौपट होते. अशा वेळी ब्रेक जोराने दाबल्यास ट्रॅक्टरची मागील चाके घसरतात, ट्रॉलीचा रेटा चालूच राहतो आणि दोन्ही वाहने मिटणाऱ्या अडकित्त्याप्रमाणे एकमेकांवर वळतात.

ट्रॉलीच्या ब्रेकचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ट्रॅक्टर मंदावताच ट्रॉलीचा रेटा जोडदांडीतील सरकत्या भागावर येतो व त्यामुळे चाकांचे ब्रेक आवळले जातात. मात्र चढावर उभे राहिल्यास हा रेटा नसतो; म्हणून हातब्रेक वेगळा असावा लागतो. दुसऱ्या प्रकारात तेलाच्या किंवा हवेच्या दाबाने, ट्रॅक्टरचा ब्रेक दाबताच ट्रॉलीचाही ब्रेक लागतो.

वाहतुकीपूर्वी व वाहतुकीत पुढील काळजी घ्यावी:

1. रस्त्यावर ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक-पेडल खिटीने एकत्र जोडावे. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो.

2. जोडपिनीस अटकाव असावा व सुरक्षेची साखळी लावावी.

3. भरलेली ट्रॉली प्रथम सपाट जागी, हळू वेगात थांबवून पाहावी. ती एका बाजूस ओढत असल्यास ब्रेक दुरुस्त करून घ्यावेत.

4. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये.

5. उभ्या ट्रॉलीच्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे लावावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऊस वाहतुकीच्या हंगामापूर्वी गावातील ट्रॉल्यांची अशी तपासणी घडवून आणावी. ट्रॉली घेताना तीत किती माल मावतो हे आपण विचारतो. तो माल थांबवावयाचा कशाने, हेही तेव्हाच विचारावे.